आरीची सुई, छातीतली धडधड आणि शेवटी 'लोल' असलेली गोळी

हाताचं लक्षात आलं ते एका ब्लाउजमुळे. मी आरी वर्क करते, साताऱ्यात घरातच, दोन अड्डे, म्हणजे कापड ताणायच्या चौकटी, टाकलेत आणि सीझनला दोन मुली येतात मदतीला. तुळशीचं लग्न लागलं की नवरीच्या ब्लाउजच्या ऑर्डरी एकदम येऊन पडतात, मग जेवणखाण विसरून बसावं लागतं. ज्यांनी हे काम बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, कापड चौकटीवर ढोलकीसारखं ताणून बसवायचं, डाव्या हातात धागा घेऊन तो कापडाच्या खाली धरायचा, उजव्या हातातली आकडीची सुई वरून टोचायची, खालचा धागा आकडीत पकडून वर ओढायचा, सुई जराशी फिरवायची आणि पुन्हा टोचायची. साखळी टाका. पंधरा वर्षं झाली हे करतेय, टीव्ही बघत करते, भांडत करते, हात आपोआप चालतो.

तर पैठणीवरच्या ब्लाउजच्या बाहीवर मोर काढत होते आणि सुई वर येताना दर तीनचार टाक्यांनी कापडात अडकायला लागली. आधी वाटलं सुईच खराब झालीय, बदलली. मग वाटलं कापड ढिलं आहे, परत ताणलं. मोराची मान पूर्ण झाली तेव्हा ती अशी दिसत होती की मोराला उचकी लागलीय. उसवली. दुसऱ्यांदा पण तेच. कटदाण्याचे मणी सुईवर घेताना तर निम्मे खाली सांडायचे आणि मग मी सतरंजीवर रांगत मणी गोळा करतेय.

नवरा म्हणाला चष्म्याचा नंबर वाढला असेल. नंबर काढून आणला, नवीन चष्मा केला, मोराची उचकी काही थांबली नाही.

आता मागे वळून बघितलं की कळतं, बाकीची लक्षणं दोन महिने आधीपासून होतीच, फक्त त्यांची एकत्र मोळी कोणी बांधली नव्हती. भूक इतकी की जेवून उठले की तासाभरात चिवड्याचा डबा हातात, आणि तरी वजन ६२ वरून ५५. बायका विचारायच्या काय डाएट करतेस गं, मी पण फुशारकीने सांगायचे की रात्रीचा भात सोडलाय. डिसेंबरात साताऱ्याची थंडी कशी असते ते माहितीय ना, नवरा दोन रग घेऊन झोपायचा आणि मी पंखा पाचवर. केस गळत होते. मुलीवर डब्यावरून इतकी ओरडले एकदा की ती रडत शाळेत गेली आणि मग मी पण रडत बसले. आणि रात्री उशीवर कान टेकला की आतून धाड धाड धाड, जसं शेजारच्या खोलीत कोणीतरी धान्य कांडतंय.

फॅमिली डॉक्टरांकडे गेले ते विकनेससाठी, सलाईन लावा म्हणायला. त्यांनी नाडी धरली आणि मनगट सोडलंच नाही बराच वेळ. मग म्हणाले दोन्ही हात समोर करा, बोटं पसरा, आणि टेबलावरचा एक कागद उचलून माझ्या पसरलेल्या बोटांवर ठेवला. तो कागद थरथर थरथर, अक्षरशः आवाज येत होता त्याचा. मी आणि ते दोघंही त्या कागदाकडे बघत राहिलो. नाडी १२४. नुसती बसलेली असताना.

ईसीजीत वेग सोडून दुसरं काही निघालं नाही. रक्तात निघालं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असायला पाहिजे, माझं ०.००५ पेक्षाही कमी, आणि थायरॉइडची स्वतःची हार्मोन्स, टी थ्री टी फोर, दोन्ही वर. हायपरथायरॉइड, म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करतंय. थायरॉइड म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना जाड होणंच आठवतं, माझं नेमकं उलटं. मग थायरॉइडच्या डॉक्टरांकडे, ते पुण्याहून दर शनिवारी येतात, त्यांनी मान तपासली, डोळे बघितले, अँटिबॉडीची टेस्ट करायला लावली, ती पॉझिटिव्ह आली आणि त्याचं नाव निघालं ग्रेव्ह्ज. शरीर स्वतःच थायरॉइडला चाबूक मारत बसतं, असं काहीसं. तो भाग इथे फार लिहीत नाही, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

त्यांनी दोन गोळ्या लिहिल्या. एक कार्बिमॅझोल, ती मुख्य. दुसरी प्रोप्रानोलॉल, २० ची, दिवसातून तीनदा. मी विचारलं दोन कशाला. ते म्हणाले, कार्बिमॅझोल कारखाना बंद करते, पण गोदामात जो माल तयार पडलाय तो संपायला काही आठवडे जातात, तोपर्यंत तुमचं हृदय १२४ ने पळत ठेवायचं का? ही दुसरी गोळी थायरॉइड बरा करत नाही, ती फक्त धडधड, थरथर, घाम, घाबरल्यासारखं वाटणं हे सगळं दाबून धरते. आणि मग त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले, बीपी आहे का, शुगर आहे का, दमा आहे का, प्रेग्नंट आहात का.

नाही, नाही, नाही, नाही.

यातला तिसरा 'नाही' लक्षात ठेवा.

पहिली गोळी घेतली दुपारी साडेअकराला. कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात होता, सेल बदलले आणि बोटाला लावून बसले. ११६. एक वाजता ८८. मी म्हटलं मशीन बिघडलं, नवऱ्याच्या बोटाला लावलं, त्याचे ७६ आले, म्हणजे मशीन ठीक. छातीत एकदम शांतता, म्हणजे कशी सांगू, फ्रिजचा आवाज दिवसभर चालू असतो आणि तो बंद पडल्यावर आपल्याला कळतं की अरे आवाज होता. मग हळूच अड्ड्यावर जाऊन बसले. सुईवर एकेक कटदाणा घेत घेत चाळीस मणी लावले, एकही सांडला नाही. मोराची मान तिसऱ्यांदा काढली आणि यावेळी ती मोराची मान होती.

त्या रात्री पाकिटावरचं नाव बघत पडले होते आणि सासरे, आम्ही अण्णा म्हणतो, ते पाणी प्यायला उठले. दोन वर्षांपूर्वी त्यांना ॲटॅक आला होता, दोन स्टेंट आहेत. चष्मा लावून त्यांनी माझं पाकीट वाचलं आणि म्हणाले, सूनबाई, ही तर माझ्या गोळीची बहीण दिसतेय, माझ्या गोळीच्या नावाच्या शेवटी पण असंच आहे. त्यांची मेटोप्रोलॉल. नवरा जागाच होता, तो म्हणाला म्हणजे घरात आता दोन लोल. मग मोबाइलवर बघितलं तर खरंच, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्वेडिलॉल, टिमोलॉल, सगळ्यांच्या शेवटी तेच. सगळे बीटा ब्लॉकर. माझ्या आईच्या काचबिंदूच्या ड्रॉप्समध्ये पण टिमोलॉल निघालं, डोळ्याच्या आतलं पाणी तयार होणं कमी करून प्रेशर उतरवतं ते. पुण्याच्या नणंदेला माझीच गोळी मायग्रेनसाठी दिलीय, डोकं दुखायला लागल्यावर घ्यायचं नाही, दुखू नये म्हणून रोज घ्यायचं. लिव्हर खराब होऊन अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात त्या फुटू नयेत म्हणून पण देतात. एका गोळीची इतकी खाती बघून मला आधी संशयच आला, आपल्याकडे बाजारात सर्व रोगांवर एकच औषध विकणारे बसतात ना तसं काहीतरी वाटलं.

झोप येत नव्हतीच, त्यामुळे वाचत गेले. जेम्स ब्लॅक नावाचा स्कॉटिश माणूस, आयसीआय कंपनीत काम करायचा. तेव्हा छातीत दुखणाऱ्या पेशंटच्या हृदयाला जास्त रक्त कसं पोचवायचं यावर सगळे डोकं लढवत होते. याने उलटा विचार केला, की हृदयाची गरजच कमी केली तर? म्हणजे आपल्या भाषेत, विहिरीला पाणी वाढत नाही ना, मग पिकाची तहान कमी करा. ॲड्रिनॅलिन, म्हणजे घाबरलं की अंगात सुटतं ते रसायन, हृदयाला पळवतं, तर ॲड्रिनॅलिनलाच दारात अडवायचं. १९४८ साली ॲलक्विस्ट नावाच्या अमेरिकन माणसाने लिहून ठेवलं होतं की ॲड्रिनॅलिनला शरीरात दोन प्रकारच्या जागा असतात, अल्फा आणि बीटा, तो धागा ब्लॅकने उचलला. पहिलं जे औषध काढलं त्याने उंदरांमध्ये गाठी व्हायला लागल्या म्हणून सोडून द्यावं लागलं, मग १९६४ च्या सुमारास प्रोप्रानोलॉल, आणि १९८८ ला नोबेल. मला हे वाचून भारी वाटलं, म्हणजे माझ्या मोराच्या मानेमागे नोबेल आहे.

अजून एक, ते मला फार आवडलं. फ्रान्समध्ये बोर्दोला एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी प्रोप्रानोलॉल दिलं आणि त्याच्या तोंडावरचा रक्तवाहिन्यांचा लाल फुगीर डाग विरायला लागला, डॉक्टरांच्या लक्षात आलं, २००८ ला त्यांनी छापलं, आता तशा बाळांना हेच औषध देतात. कोणी शोधायला गेलं नव्हतं, पण कोणाचं तरी लक्ष होतं.

कोल्हापूरला माझा भाचा पिस्तूल शूटिंग शिकतो. त्याला फोनवर कौतुकाने सांगितलं की असा हात स्थिर झालाय की मीच येते तुझ्या स्पर्धेला. तो पटकन म्हणाला, मावशी, ते आमच्यात बॅन आहे. मला खोटं वाटलं. त्याने सांगितलं की शूटिंग आणि तिरंदाजीत बीटा ब्लॉकर चालतच नाहीत, स्पर्धा नसतानासुद्धा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला उत्तर कोरियाच्या किम जोंग सू नावाच्या नेमबाजाने दोन मेडल घेतली होती, रौप्य आणि कांस्य, टेस्टमध्ये प्रोप्रानोलॉल सापडलं आणि दोन्ही काढून घेतली. म्हणजे माझा हात स्थिर झालेला ही माझी कल्पना नाही, जगात मेडल जातात त्यावर.

असे सहा दिवस फार मजेत गेले. हातपाय गार पडायचे, जिना चढताना पाय जड व्हायचे, आणि स्वप्नं, बापरे, रंगीत आणि लांबलचक, एकदा तर नवरीच्या ब्लाउजला चार बाह्या लावल्या होत्या आणि नवरीची आई म्हणत होती पाचवी कुठाय. नणंदेला विचारलं तर तिला पण सुरुवातीला स्वप्नं पडायची, ही गोळी डोक्यात पण पोचते म्हणे. बाकी सगळं झकास.

सातव्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर कोणीतरी कचरा पेटवला. धूर घरात आला, मला खोकला सुटला, खिडक्या लावल्या. रात्री अकराला झोपले आणि दीडला उठून बसले. श्वास आत जातोय पण बाहेर येत नाही. छातीत शिट्टी, अगदी बारीक सुरात, दोनतीन सुरात एकदम. आणि त्या क्षणी मला तो आवाज ओळखीचा वाटला, पण कुठला ते आठवेना.

नवऱ्याने गाडी काढली. रस्त्यात पोवई नाक्यापाशी आठवलं.

मी लहान असताना आम्ही कोरेगावला राहायचो आणि मला बालदमा होता. दिवाळीत फटाके सुरू झाले की माझी छाती भरायची, आई रात्र रात्र मांडीवर घेऊन बसायची, ओवा गरम करून शेकायची. मी दुसरीत असताना मला हैदराबादला नेलं होतं, मृग नक्षत्राला तिथे दम्यासाठी जिवंत मासा गिळायला देतात ना, तिथे. तोंडात औषध भरलेला छोटा मासा, तो वळवळत घशाखाली गेलेला मला अजून आठवतो, प्रचंड गर्दी आठवते, आईच्या साडीचा पदर आठवतो. तो मासा लागू पडला की वय वाढलं तसा दमा आपोआप गेला देव जाणे, पण बाराव्या तेराव्या वर्षानंतर परत कधी झाला नाही. त्यामुळे 'दमा आहे का' याला माझं उत्तर 'नाही'. मी खोटं नव्हते बोलले हो. मासा गिळलेला आठवत होता, तो कशासाठी गिळला होता ते डोक्यातून गेलं होतं.

कॅज्युअल्टीत ड्युटीवर एक डॉक्टर मुलगी होती, माझ्या पुतणीएवढी. ऑक्सिजन ९१. तिने वाफेचा मास्क लावला आणि विचारलं गोळ्या कुठल्या चालू आहेत, नवऱ्याने पाकीट दाखवलं, तिने ते वाचलं आणि तिचा चेहरा बदललेला मी मास्कच्या धुरातून पण बघितला. मग तिने वाफेत अजून एक औषध टाकायला लावलं आणि एक इंजेक्शन दिलं. पहाटे चारच्या सुमारास शिट्टी थांबली. नंतर खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली आणि तिने जे सांगितलं तसं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

ती म्हणाली, काकू, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, ही गोळी तेच करते. ॲड्रिनॅलिनला बसायला शरीरात सीटा असतात, गोळी आधी जाऊन त्यावर रुमाल टाकते, मग ॲड्रिनॅलिन येतं, बघतं सीट धरलेली, उभं राहतं. हृदयाच्या गाडीत असं झालं की धडधड कमी होते, छान. पण तशाच सीटा, थोड्या वेगळ्या, श्वासनळ्यांच्या गाडीत पण असतात आणि तिथे ॲड्रिनॅलिन बसलेलं असतं म्हणून नळ्या मोकळ्या राहतात. प्रोप्रानोलॉल दोन्ही गाड्यांत रुमाल टाकतं. ज्याला दमा नाही त्याला काही फरक पडत नाही, ज्याला आहे त्याच्या नळ्या आवळतात. आणि वाईट म्हणजे दम्याचं नेहमीचं पंपातलं औषध असतं ना, त्याला पण त्याच सीटवर बसायचं असतं, आणि तिथे आधीच रुमाल. म्हणून मी दुसरं औषध टाकलं जे वेगळ्या दाराने जातं.

मी विचारलं, आणि हात? हात स्थिर झाला तो कुठल्या गाडीमुळे? ती हसली, म्हणाली हाताच्या स्नायूतल्या सीटा बऱ्याचशा श्वासनळीसारख्या असतात. मला तेव्हा याचा अर्थ कळला नाही, नंतर चांगलाच कळला.

शनिवारी थायरॉइडच्या डॉक्टरांसमोर मी मान खाली घालून बसले. ते रागावले नाहीत, फक्त कागदावर मोठ्या अक्षरात लाल पेनने लिहिलं, दमा, आणि दोनदा अधोरेखित केलं. ताई, लहानपणीचा दमा हा पण दमाच, असं म्हणाले. त्यांनाही वाटलं असावं की आपण अजून एक प्रश्न विचारायला हवा होता, कारण त्यानंतर मी बाहेर बसलेले असताना आतल्या पेशंटला ते विचारत होते, लहानपणी कधी छाती भरायची का, वाफ घ्यावी लागायची का. चला, माझ्यामुळे प्रश्नावलीत भर पडली.

मग त्यांनी मेटोप्रोलॉल दिली, अण्णांची गोळी, पण कमी, २५ ची, हळूहळू विरघळणारी. ही मुख्यतः हृदयाच्याच गाडीत रुमाल टाकते. मुख्यतः, हा शब्द त्यांनी दोनदा वापरला, डोस वाढला की दुसऱ्या गाडीत पण शिरते, म्हणून दम्यावाल्याला ती जपूनच, थोडी थोडी, आणि पंप कायम जवळ. परत छाती वाजली तर ही पण बंद करून वेगळ्या जातीचं औषध द्यावं लागेल म्हणाले. वाजली नाही, नशीब. रोज सकाळी नाडी मोजून वहीत लिहायची, ६० च्या खाली गेली आणि चक्कर आली तर फोन करायचा.

नाडी आली ८० ८४ वर. पण हात? हात परत थरथरायला लागला. आधीइतका नाही, पण मोराला परत उचकी. तेव्हा त्या मुलीचं बोलणं कळलं, हाताच्या सीटा दुसऱ्या गाडीतल्या, आणि ही गोळी त्या गाडीत फारशी चढतच नाही. म्हणजे मला जी गोळी हाताला हवी होती तीच माझ्या छातीला चालत नव्हती. याला काय म्हणायचं. दोन दिवस मी खरंच विचार केला की प्रोप्रानोलॉल अर्धी घेऊ का, फक्त काम करायच्या वेळी, पाकीट होतंच घरात. नवऱ्याला बोलले तर तो एक शब्द बोलला नाही, उठला, ते पाकीट घेतलं आणि बाहेर गेला. कुठे टाकलं अजून सांगितलं नाही.

त्या सीझनला मी नवरीचे चार ब्लाउज दुसऱ्या बाईकडे दिले, निम्मे पैसे तिला, आणि स्वतः टिकल्या चिकटवायचं, पॅच लावायचं, डिझाइन छापायचं असलं काम केलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. त्याचा मला जास्त त्रास झाला, धडधडीपेक्षा.

पाचव्या आठवड्यात बरं वाटायला लागलं, वजन दोन किलोने वाढलं, पंखा बंद झाला, आणि नेहमीप्रमाणे मला वाटलं आता ही लोल वाली कशाला, मुख्य गोळी चालू आहेच. बंद करणार होते. अण्णांनी थांबवलं, आणि ते का थांबवलं त्याला इतिहास आहे. ॲटॅकनंतर सहाएक महिन्यांनी ते गावच्या जत्रेला गेले, गोळ्यांचा डबा इथेच टीव्हीवर राहिला, आणि कोणाला सांगितलं तर बोलणी बसतील म्हणून गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी पालखीच्या वेळी छाती धडधडायला लागली, मग दुखायला लागलं, जीपमध्ये घालून आणलं. सुदैवाने नवीन ॲटॅक नव्हता. तेव्हा कळलं होतं की ही गोळी एकदम सोडली तर उलटते. मी ते त्या रुमालाच्या हिशोबाने समजून घेतलं, सीटा कायम धरलेल्या बघून शरीर जादा गाड्या सोडतं, आणि एक दिवस सगळे रुमाल एकदम उचलले तर जुन्या गाड्या, नव्या गाड्या, सगळ्यांत ॲड्रिनॅलिनची झुंबड. अण्णांची भाषा वेगळी, ते म्हणतात बैलाचं दावं एकदम सोडायचं नाही, सैल करत जायचं.

गंमत म्हणजे याच अण्णांना गेल्या तपासणीला हार्टच्या डॉक्टरांनी सांगितलं की तुमचं पंपिंग चांगलं आहे, हल्ली अशा पेशंटला ही गोळी जन्मभर लागतेच असं नाही, २०२४ ला स्वीडन आणि अजून दोन देशांतल्या सुमारे ५००० लोकांचा अभ्यास आला त्यात पंपिंग नॉर्मल असलेल्यांना गोळी घेऊन मृत्यू किंवा परत ॲटॅक येणं कमी झालेलं दिसलं नाही, आपण हळूहळू कमी करून बघू का. अण्णा म्हणाले नको. जत्रेची भीती इतकी बसलीय की आता डॉक्टर सोडा म्हणतायत आणि हे सोडत नाहीत. ज्यांचं पंपिंग कमी झालंय त्यांचं वेगळं, त्यांना ही गोळी आयुष्य वाढवते म्हणून देतात, आणि मजा बघा, पूर्वी अशाच पेशंटना ती देऊच नका म्हणायचे.

माझं मात्र रीतसर झालं. सातव्या आठवड्यात टी थ्री टी फोर नॉर्मल, टीएसएच अजून झोपलेलंच, ते उशिरा उठतं म्हणे. नाडी ६२, आणि सकाळी पटकन उठले की डोळ्यापुढे अंधारी. म्हणजे आता पळणारं काही उरलंच नव्हतं आणि ब्रेक मात्र दाबलेला. डॉक्टरांनी २५ ची साडेबारा केली दोन आठवडे, मग एक दिवसाआड एक आठवडा, मग बंद. बंद केल्यावर दोन दिवस जरा धडधडल्यासारखं वाटलं, वहीत ८८ लिहिलंय, तिसऱ्या दिवशी ७८. कार्बिमॅझोल अजून चालू आहे, वर्ष दीड वर्ष चालेल, त्यात ताप किंवा घसा दुखला तर गोळी थांबवून लगेच रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या असतात, एकदा घसा दुखला तर पळत गेले होते, साधाच निघाला.

आणि हात? अकराव्या आठवड्यात, त्या गोळीशिवाय, मोर काढला. डॉक्टरांना मोबाइलवर फोटो दाखवला, ते कागदाची टेस्ट करायला निघाले होते, म्हणाले राहू दे.

परवा शेजारची वहिनी आली. तिच्या मुलाची इंजिनीअरिंगची तोंडी परीक्षा आहे, सरांसमोर उभा राहिला की त्याचे हात कापतात, घाम फुटतो, तोंडातून शब्द निघत नाही. कॉलेजातल्या कोणीतरी त्याला सांगितलं की एक गोळी असते, परीक्षेच्या आधी घेतली की सगळं शांत. खरं आहे ते, स्टेजवर वाजवणारे, भाषण करणारे पण घेतात, डॉक्टर अशासाठी लिहून देतात कधीकधी. वहिनीला कुठूनतरी कळलेलं की ती माझ्याकडे होती. म्हणाली, एकच दे गं, उरली असेल तर, एकाने काय होतंय.

म्हटलं उरली नाही, आणि उरली असती तरी दिली नसती, डॉक्टरकडे ने त्याला. ती जरा फुगली. मग सहज विचारलं, त्याला दमा वगैरे नाही ना?

छे गं, म्हणाली, लहानपणी होता थोडा, आता कुठे.

म्हटलं बस, चहा टाकते, जरा वेळ लागेल.